बिजाच्या खोडातली देवी

तळ्याच्या पाळीवर इतकी माणसं उभी होती की तळं दिसत नव्हतं. कोंढ्याच्या फाट्यावरून आत वळलं की आमच्या गावात आधी तळं दिसतं, मग म्हशी, मग माणसं. माझ्या जन्मापासून हा क्रम ठरलेला आहे. त्या दिवशी नुसती माणसंच. म्हशींना पाण्यात उतरायला वाट नव्हती, म्हणून त्या रस्त्यात उभ्या होत्या. गावात त्या घटकेला शंकेखोर चेहरे फक्त त्यांचे होते.

मी नागपुरात लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवायचं काम संपवून परतत होतो. पाठीवर हत्यारांची पिशवी होती. गर्दीतून आमच्या गल्लीतले केवळरामजी बाहेर आले. वय झालेलं, बीपी जुनं. हातात पितळेचा लोटा असा धरलेला की जणू आत अंडी आहेत.

"आला का गा विरू? जाय, लायनीत लाग. देवी निघाली."

"कुठं निघाली?"

"कुठं म्हणजे? खोडातून निघाली."

मी लायनीत लागलो. पुढे मांडवात भगवी शाल पांघरलेला एक दाढीवाला माणूस माइकवर बोलत होता. नाव काष्ठानंद महाराज. त्याच्यामागे माणसाच्या उंचीचं एक जाड खोड उभं होतं. साल लाल फडक्याने गुंडाळलेली. खोडाचा पुढचा भाग उभा फाकलेला, आणि त्या फटीतून एक बाईचा चेहरा बाहेर बघत होता.

"भाविकहो," महाराज म्हणाले, "वाळलेलं झाड होतं. मी कुऱ्हाड उचलली. झाड बोललं, हळूच मार, आत मी आहे. मी हळूच मारली. पाहा. चेहरा वेगळ्या रंगाचा, केस वेगळ्या रंगाचे, लुगडं वेगळ्या रंगाचं. रंग कोणी दिला?"

"देवीनं," गर्दी म्हणाली.

"घासलं तर जाते का?"

"नाही जात."

"विज्ञान जिथं थकून खाली बसते ना, तिथून झाडाची साल सुरू होते."

या वाक्याचा अर्थ काय, हे मी आजही लोकांना विचारतो. ते म्हणतात, खोल आहे.

माझ्या पुढे उभ्या असलेल्या ललिताबाईने मला मागची हकिकत सांगितली. ललिताबाई आमची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मधल्या कुंपणावरून तिचं आणि माझ्या आईचं भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि दोघींची तब्येत त्याच्यावरच टिकून आहे. ती म्हणाली, हेमराज सरांनीसुद्धा परीक्षा घेतली. हेमराज सर म्हणजे आमचे विज्ञानाचे सर. गावात चमत्कार झाला की त्यांनाच पुढे ढकलतात. सर रॉकेल घेऊन आले, पॉलिश पेपर घेऊन आले. महाराजांनी गालावर बोट ठेवून सांगितलं, इथं घासा. सरांनी घासलं. रंग गेला नाही. रॉकेल चोळलं. रंग उलट उजळला. सर घरी गेले आणि म्हणतात, त्या दिवशी जेवले नाहीत.

"सर जेवले नाई म्हणजे खरंच असन," ललिताबाई म्हणाली.

लाइन सरकली. मी देवीसमोर आलो. कपाळभर कुंकू, चांदीचे डोळे, हनुवटीपर्यंत झेंडूची माळ. मी नाक पाहिलं. नाकाच्या शेजारचा काळा तीळ पाहिला. एक भुवई दुसरीपेक्षा वर चढलेली पाहिली.

ती माझी आई होती.

हे मी भक्तिभावाने म्हणत नाही. खोडातली देवी म्हणजे अक्षरशः आमची निर्मलाबाई होती आणि तिला मीच बनवलं होतं.

मी लाकडाची जोडचित्रं करतो. आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, पडलेले तुकडे गोळा करायचे. कागदावर चित्र काढायचं, त्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग त्या रंगाच्या लाकडातून बारीक करवतीने कापायचा. शिवणीचं लाकूड सायीसारखं, हळदू पिवळा, सागवान गव्हाळ, बिजा लालसर, शिसम जांभळट काळा, आणि तेंदूच्या गाभ्याइतकं काळं तर काजळही नसतं. तुकड्यांच्या कडा गोलसर घासायच्या, एकमेकांत बसवायच्या आणि सगळं खाली प्लायवूडवर चिकटवायचं. रंगाचा थेंबही लागत नाही. झाडांनी तो आधीच दिलेला असतो, आणि तो आरपार असतो. म्हणून कितीही घासा, जात नाही.

आईचं चित्र मी गेल्या वर्षी केलं. चेहऱ्याला सागवान, केसांना शिसम आणि त्यात शिवणीच्या पांढऱ्या रेघा, लुगड्याला बिजा, तिळाला तेंदू. तिला दाखवलं तर ती म्हणाली, "हे कोण बुढी होय?"

"तू होय."

"मी अशी दिसतो? तोंड पाह्य कसं सुजलं. काढ घरातून."

मी ते मोहाडीच्या बाजारात विकायला ठेवलं. एका बिनदाढीच्या माणसाने बराच वेळ हातात धरून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, घासलं तर रंग जाईल का? मी अभिमानाने म्हटलं, जन्मात जाणार नाही. त्याने लगेच घेतलं. आता त्याला दाढी आली होती.

मी घरी धावलो. आई ओट्यावर बसून पेल्यातून काहीतरी पीत होती. पाणी चहासारखं पिवळं, आणि उन्हाकडे धरलं की काठावर निळी झाक.

"काय पिऊन राहिली?"

"देवीचं तीरथ. रोज देवीवर पाणी घालतेत, ते खोडातून झिरपते. पाह्य कसं निळं चमकते. यानं शुगर जाते."

मी फ्रिज उघडला. इन्सुलिनच्या जागी तीर्थाची बाटली होती.

"इन्सुलिन कुठं आहे?"

"तळ्यात. महाराजांनी सगळ्यायले सांगतलं, औषध अन् देवी एका घरात राहत नाही. सगळ्यायनं आपापल्या गोळ्या सोडल्या. मी मंग सुया ठेवून काय करू?"

आमच्या तळ्यातल्या मासोळ्यांची शुगर त्या आठवड्यात अगदी नॉर्मल असणार. आईची नव्हती. तिचे ओठ कोरडे होते, डोळे आत गेले होते आणि बोलता बोलता ती दोनदा पाणी प्यायला उठली.

मी तिच्यासमोर बसलो. "आई, ऐक. ते पाणी बिजाचं आहे. फडक्याखाली बिजाचं खोड आहे. बिजाच्या लाकडात पाणी ठेवलं की ते असंच होते. बाजारात त्याचे पेले नाही का विकत? अन् ती देवी म्हणजे तू आहेस. मी बनवलेली."

आईने माझ्याकडे भुवई चढवून पाहिलं. तीच भुवई. सागवानावर मला ती जमवायला चार तुकडे वाया घालवावे लागले होते.

"तू नागपूरले जाऊन लय शायना झाला," ती म्हणाली. "मी देवी? अन् देवीले कुंकू नाही दिसलं तुले? तुह्या बापाले जाऊन किती वर्षं झाले? मी कुंकू लावतो का?"

ती बरोबर बोलत होती. महाराजांनी चित्राला चांदीचे डोळे लावले होते, पण खरा बदल एकच होता: कपाळभर कुंकू. आणि आमच्या गावात विधवा बाईचा चेहरा कुंकवासकट कोणी डोळ्यांपुढे आणतच नाही. त्या लाल कपाळामागे माझी आई सगळ्या गावापासून लपली होती. स्वतःपासूनही.

मी पवनीहून नवं इन्सुलिन आणलं. तिने घेतलं नाही. बोट टोचून शुगर मोजू दिली नाही. म्हणे, देवीचं सांगणं आहे, रक्त काढू नका. मी दवाखान्यात चल म्हटलं, तर ललिताबाईच्या नावाने खडे फोडायला लागली, म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी मांडवात जाऊन माइक मागितला. मिळाला, कारण लोकांना वाटलं मी अनुभव सांगणार. मी सांगितलं, ही देवी मी बनवली आहे, हे आरामशीनचे तुकडे आहेत, मधे जोड आहेत. महाराजांनी शांतपणे ऐकलं आणि हसले.

"हा पोरगा म्हणते, देवी मीच बनवली. उद्या म्हणन, माह्या मायलेही मीच बनवलं."

गर्दी पोट धरून हसली. आणि ते खरंच होतं, यापेक्षा वाईट काय असू शकतं.

"बनवतं तं बनवून दाखव," मागून कोणीतरी म्हणालं.

मला वाटलं, ही संधीच आहे. मी मांडवासमोर खाट टाकली, हत्यारं मांडली आणि सगळ्यांसमक्ष, दिवसाउजेडी, एक म्हैस बनवायला घेतली. मुद्दाम म्हैस. म्हटलं, म्हशीला कोणी देवी म्हणणार नाही. अंगाला शिसम, शिंगांना तेंदू, कपाळावर शिवणीचा पांढरा चांद. प्रत्येक तुकडा कापला की हातात घेऊन दाखवायचो: हे पाहा लाकूड, हा पाहा त्याचा रंग, यात देव नाही, गोंद आहे. लोक मन लावून पाहत होते. मला वाटलं, समजतंय.

म्हैस पूर्ण झाली. मी ती उंच धरली. "आता सांगा, ही कोणी बनवली?"

केवळरामजी पुढे आले, डोळ्यांत पाणी. त्यांनी म्हशीला हळद लावली.

"देवी तुह्या हातात उतरली गा विरू," ते म्हणाले.

पाचेक मिनिटांत म्हशीपुढे तीन नारळ फुटले. एकजण माझ्या पाया पडला. मी खाट उचलून घरी आलो तर चार माणसं मागे आली. महाराजांनी माइकवरून माझं अभिनंदन केलं आणि मला 'बालशिष्य' म्हटलं. माणसाला पुरावा देणं ही किती निरुपयोगी गोष्ट आहे, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही दिवा दाखवता आणि ते दिव्याला ओवाळतात.

शुक्रवारी सकाळी आरतीच्या वेळी आई मांडवात कोसळली.

मी पोचलो तेव्हा ती खोडाच्या पायथ्याशी आडवी होती. श्वास खोल आणि भरभर चालला होता. हाक मारली तर ओ देत नव्हती. मी तिच्या काखेत हात घातले, तेवढ्यात दहा हातांनी मला मागे ओढलं.

"हात नको लावू, संचार झाला."

"संचार नाही झाला, शुगर वाढली. आटो आणा कोणी."

"देवी अंगात आली अन् हा आटो बोलावते," कोणीतरी चिडून म्हणालं.

महाराज माइकवर होते. "भाविकहो, माता निर्मलाच्या देहात प्रकट झाली आहे. तिला सौभाग्यलेणं अर्पण करा."

बायका थबकल्या. विधवेला कुंकू कोण लावणार? पण आता ती विधवा नव्हती, देवी होती. ललिताबाई पुढे झाली. आयुष्यभराचं वैर बाजूला ठेवून तिने चिमूटभर कुंकू घेतलं आणि आईच्या कपाळावर भरलं. आणि तिथेच थांबली. तिने खाली पाहिलं. वर खोडाकडे पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. तीळ. भुवई. नाक.

"अव माय," ती हळूच म्हणाली. "हे तं निर्मला होय."

"निर्मलाच तं आहे," बाजूची म्हणाली.

"हे नाही वो. वरची. वरची निर्मला होय. मी आतापर्यंत हिच्याच पाया पडून राहिली होती?"

सगळ्या माना एकदा वर आणि एकदा खाली झाल्या. मला वाटलं, सुटलो. पण महाराज हे महाराज होते.

"पाहिलं?" ते गरजले. "देवीचा चेहरा तिच्या चेहऱ्यावर उतरला."

आणि गाव पुन्हा हात जोडायला लागलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला महाराजांचा राग आला नाही. त्या हातांचा आला.

कामाला निघालो होतो म्हणून हत्यारांची पिशवी खांद्यावरच होती; मी तिच्यातून पटाशी काढली आणि खोडावर चढलो. दोघांनी माझा पाय धरला. तेव्हा मांडवाच्या कडेला उभे असलेले हेमराज सर पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"सोडा त्याले. मी पॉलिश पेपर लावला तेव्हा मले कोणी अडवलं नाही. त्यालेही परीक्षा घेऊ द्या."

पाय सुटला. मी झेंडूची माळ ओढली, कुंकू खरवडलं. तुकड्यांच्या मधल्या भेगा गोंदात कालवलेल्या भुशाने बुजवल्या होत्या. रोजच्या पाण्याने तो गोंद पिठासारखा मऊ झाला होता. चमत्कारावर इतकं पाणी ओतू नये. मी नाकाखाली पटाशी सरकवली आणि नाक टुक्कन माझ्या तळहातात आलं.

मांडवातली माणसं टाचा उंचावून माझ्या हाताकडे पाहायला लागली.

मी नाक ललिताबाईच्या हातात दिलं. "सागवान."

"निर्मलाचं नाक मले कायले देतं?" ती म्हणाली, पण तिने ते उलटून पाहिलं.

गाल काढला, सरांना दिला. केसांची बट केवळरामजींना. "शिसम. पांढरी रेघ शिवणीची." तीळ एका पोराच्या तळहातावर. "तेंदूचा गाभा." लुगडं निघालं, भुवई निघाली. देवीच्या जागी एक चौकोनी भोक राहिलं, आणि भोकाच्या तळाशी प्लायवूड होतं. त्यावर निळ्या शाईचा कारखान्याचा ठसा.

सरांनी मोबाइलचा टॉर्च आत धरला. बराच वेळ पाहिलं. मग ते गर्दीकडे वळले आणि वर्गात बोलतात तसे बोलले.

"मी रंग खोटा आहे का, ते तपासलं. रंग खराच होता. जोड आहे का, हे मी विचारलंच नाही. महाराजानं बोट ठेवलं तिथंच घासलं. चूक माझी. पण आता सांगा, आजपर्यंत कोणी झाडाच्या पोटातून प्लायवूड निघताना पाहिलं?"

मी फडकं ओढून काढलं, पटाशीने साल उचकटली. आतलं लालसर लाकूड पाहताच मागच्या म्हाताऱ्यांपैकी एकजण पुटपुटला, "बिजा होय हा. म्हणून पाणी निळं."

"होय," मी म्हणालो. "बिजाचं पाणी आहे. इन्सुलिन नाही. त्याच्या जोरावर माझी आई इथं पडली आहे. आता तरी वाट द्या."

ललिताबाईने नाक कमरेला खोचलं, आईचे पाय उचलले आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "सरक ना बे." वाट झाली. आम्ही आटोत बसेपर्यंत महाराज मोटारसायकलवर बसून गेले होते. खोड नेलं नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. तिचं काय होईल ते होईल.

पवनीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावली, इन्सुलिन सुरू केलं आणि आम्हाला बाहेर उभं करून जे बोलायचं ते बोलले. या बाईच्या शरीराला इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. ते बंद केलं की रक्तात आम्ल साठतं आणि माणूस मरतो. कोणत्या पाण्यात काय चमकतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. शेवटी म्हणाले, अजून थोडा उशीर केला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो.

आई तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "त्या पाण्यानं बरं वाटत होतं पण." नर्सने सुई आणली तेव्हा तिने मुकाट पोट पुढे केलं. ते मला पुरेसं होतं. समाधान नाही, पण पुरेसं.

गावात परतलो आणि ज्यांनी औषधं तळ्यात सोडली त्यांच्या घरी जायला लागलो. सोबत हेमराज सर होते. लोक दार उघडायचे, आम्हाला पाहून लाजायचे आणि भाताच्या भावाबद्दल बोलायचे. केवळरामजी ओट्यावर बसले होते. शिसमाची बट त्यांनी बाजूला ठेवली होती.

"पटलं गा मले," ते म्हणाले. "ते देवी खोटी होती. पण मंग खरी कुठं भेटन?"

मी डोकं धरलं. सर हसले नाहीत. मीही हसलो नाही, कारण हा माणूस थट्टा करत नव्हता. त्याला एकटं वाटत होतं, गोळी त्यावर उपाय नव्हता, आणि हे सगळे महाराज नेमकं तेवढंच ओळखतात.

"केवळरामजी," मी म्हटलं, "भेटली तर नमस्कार करा, तुमचा प्रश्न आहे. पण ती बोट ठेवून 'इथंच पाहा' म्हणाली, तर दुसरीकडे पाहा. पाठीमागून पाहा. तोडून पाहू नका म्हणाली, तर का नको, ते विचारा. अन् जी तुमची गोळी बंद करायला सांगते, ती तुमची कोणीच नाही, तिला झाडानं पाठवलं असो की मी बनवलं असो."

सरांनी बीपीच्या नव्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. केवळरामजींनी एक गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि आमच्याकडे पाहिलं.

"तोंड उघडा," मी म्हणालो.

"विश्वास नाही का माह्यावर?"

"नाही. उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. जीभ वर केली, मग दोन्ही गाल बोटाने ताणून दाखवले. आत काही नव्हतं.